नादारीचा अर्ज आणि आठ अंगठे

वकिलाने दिलेला तो लांबलचक कागद आमच्या घरात अठरा दिवस सहीवाचून पडून होता. त्यावर चार रकाने आखलेले होते: देणे कोणाचे, तो राहणार कुठला, रक्कम किती, आणि कशापायी. तळाशी सहीची जागा. माझ्या नवऱ्याने सही करून तो कोर्टात दाखल केला, की कायद्याने ते नादार ठरणार होते. म्हणजे घरात जे काही निघेल ते कोर्ट ताब्यात घेणार, ज्यांचं ज्यांचं येणं आहे त्यांच्यात वाटून टाकणार, आणि उरलेल्या देण्यातून हे मोकळे. कागदावर इतकं सोपं होतं. आमच्या वस्तीत मात्र त्याला दिवाळं निघालं म्हणत, आणि तो शब्द बोलताना सगळे आवाज खाली आणत.

गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. मी तेव्हा तिशीची होते, पदरी दोन मुली, आणि जिभेला धार. ती धार अजून आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सक्करदऱ्याकडच्या विणकरांच्या वस्तीत आमचं भाड्याचं घर होतं. सासरे गेल्यावर त्यांचा धंदा ह्यांच्याकडे आला आणि लोक ह्यांना मालक म्हणू लागले. मालक म्हणजे कुठली गिरणी नव्हती हो. सूतवाल्याकडून उधारीवर सूत आणायचं, ते आठ घरी वाटायचं, त्या घरांतल्या हातमागांवर नऊवारी लुगडी विणून झाली की इतवारीतल्या दुकानांना पोचवायची, आणि मधल्या मध्ये जे उरेल त्यावर आपलं घर चालवायचं. हे स्वतः उत्तम विणत. हिशेब मात्र ह्यांच्या डोक्यात कधी शिरला नाही.

मग नायलॉनच्या साड्या आल्या. नवऱ्या मुली नऊवारीला नाकं मुरडू लागल्या. दुकानदार म्हणाले, माल थांबवा. ह्यांनी थांबवला नाही. आठ घरी जाऊन ‘आता सूत नाही’ हे सांगायला ह्यांची जीभ रेटेना. माग थांबला तर ती माणसं खाणार काय, एवढंच म्हणायचे. दोन वर्षं हे न खपणारी लुगडी विणवत राहिले, आणि आमची पुढची खोली गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरली. मी सांगत होते. ‘मी सांगत होते’ हे वाक्य मी पुढे त्यांना आयुष्यभर ऐकवलं, पण त्याचा उपयोग तेव्हा झाला नाही तो नाहीच.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. विणकर आपली सगळी मजुरी घरी नेत नसत. पावसाळ्यात सुताला खळ लावून गल्लीत ताणायला ऊन मिळायचं नाही, त्यामुळे माग बसून राहायचे. त्या दिवसांसाठी, नाहीतर मुलीच्या लग्नासाठी, दर आठवड्याला थोडे पैसे मालकाकडेच सोडायचे. “राहू द्या जी तुमच्यापाशी,” एवढंच बोलायचं. किती साठले हे विणकराने विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे मालकावर संशय घेणं. मालकानेही आपणहून सांगायचं नाही, कारण तसं सांगणं म्हणजे ‘घेऊन जा बाबा, मला ओझं झालं’ असं सुचवणं. दोन्हीकडून मान राखला जायचा, आणि आकडा कोणाच्याच तोंडून निघायचा नाही. मी सातवी पास, म्हणून मांडून ठेवण्याचं काम माझ्याकडे. आठ घरांचं साठलेलं धन सगळ्या जगात माझ्या एका वहीत लिहिलेलं होतं. आणि ते पैसे पेटीत नव्हते. ह्यांनी ते केव्हाच सुतात घातले होते.

सूतवाल्याने दावा लावला आणि जिंकला. पैसे मिळाले नाहीत तर दिवाणी कैदेत घालीन, असा त्याचा निरोप आला. तेव्हा कोणीतरी नादारीच्या अर्जाचं सुचवलं. वकिलाकडे हे एकटे गेले आणि कागद घेऊन आले. दोन दिवसांनी यादी भरून परत निघाले तेव्हा मीही लुगड्याचा पदर खोचून बरोबर गेले.

वकीलसाहेब सज्जन होते. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, “घाबरू नका बाई. माग, भांडी, अंथरूण-पांघरूण, तुमचं मंगळसूत्र, याला कोर्ट हात लावत नाही. अन् एकदा अर्ज मंजूर झाला की सूतवाला यांना कैदेत घालू शकत नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. मग मी यादी पाहिली. सूतवाला, रंगवाला, पतपेढी, दोन हातउसने. एकाही विणकराचं नाव नव्हतं.

“विणकर कुठं आहेत?” मी विचारलं.

“ते कर्ज नोहे,” हे म्हणाले. “ती अमानत हाये. त्यायचं नाव याच्यात टाकलं तं तेबी बुडन. बाहेर ठेवलं तं मी जन्मभर फेडीन.”

वकिलांनी चश्मा काढला. “तुमचा भलताच समज होऊन राहिला,” ते म्हणाले. “कोर्टानं मोकळं केलं म्हणजे त्यांच्याही देण्यातून मोकळं केलं, नाव असो की नसो. यादीत असले तर रुपयामागं दोन-चार आणे तरी हाती पडतील. यादीत नाहीत, तर तेही नाही.”

ह्यांचा चेहरा उतरला. ज्यांना वाचवायचं म्हणून नाव गाळलं, त्यांनाच पुरतं बुडवायला निघालो होतो, हे ह्यांना तिथे कळलं. वकिलांनी सांगितलं, आठही जणांना यादीत घ्या, आणि त्यांनी कोर्टात येऊन आपलं येणं सिद्ध करावं.

रविवारी हे वस्तीतल्या मारुतीच्या ओट्यावर गेले आणि सगळ्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. मी थोडी मागे उभी होते.  सगळ्यांत वडील विणकराला आम्ही आबाजी म्हणायचो. ते शेवटी म्हणाले, “तुमच्यावर कोर्टात नाव लावाचं? काहून जी? आमी का सावकार हाओ?”

“तुमचेच पैसे आहेत, आबाजी,” मी म्हणाले.

“असतीन बाई. पन मालकाच्या विरोधात उभं राहाचं आमच्यानं नाही होत.”

चौथ्या दिवशी आबाजी आणि दोघं-तिघं आमच्या दारात आले. त्यांनी वर्गणी काढून कोर्टाबाहेरच्या अर्जनविसाकडून एक कागद लिहून आणला होता. त्यात लिहिलं होतं, की आमचे मालकांकडे काहीएक येणे नाही. खाली निळ्या शाईचे आठ अंगठे. कागद ह्यांच्या हातात देताना आबाजी हसत होते. “घ्या,” ते म्हणाले. “आठ नावं कमी झाली. तेवढाच तुमच्या जिवाले आराम.”

 ह्यांनी आबाजींना बसायला पाट दिला, मी चहा केला, आणि ती माणसं चहा पिऊन मागावर निघून गेली.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. आज लिहिताना लाज वाटते, पण झाला. मुलींच्या शाळेत बापाला कैदेत नेल्याची बातमी जाणार नव्हती. आठ घरांचं देणं एका कागदाने गेलं होतं, आणि तेही त्यांनी आपल्या हाताने दिलेल्या कागदाने. मी कोणाचं काही हिसकावलं नव्हतं. असं मी स्वतःला दिवसभर समजावत होते.

तो कागद दाखवला तेव्हा वकीलसाहेबही म्हणाले, प्रश्न मिटला. फक्त मी उठू लागले तेव्हा ते हळूच म्हणाले, “बाई, ती तुमची वही... शपथेवर कोणी विचारलं तर पंचाईत. तशी वही घरात नसलेलीच बरी.” मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली शाळेत गेल्यावर मी वही काढली आणि चुलीशेजारी ठेवली. सरपण पेटलेलं होतं. हात काही पुढे होईना. वहीत शेवटचं नाव एका विधवा बाईचं होतं. नवरा गेल्यावर तीच मागावर बसायची. तिच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मला वाटलं, तिच्या तोंडून एकदा ऐकावं की अंगठा मी मनापासून दिला. मग वही जाळताना मनाला टोचणी नको. म्हणजे मी तिच्याकडे खरं सांगायला गेले नव्हते. मी माझ्या सोयीचं ऐकायला गेले होते.

ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होती. मला पाहून हात न थांबवता म्हणाली, “या नं बाई.”

“अंगठा कोणाच्या सांगण्यावरून दिला वं?”

“सगळ्यायनं देला, मी बी देला. मालकायचं भलं होते तं होऊ द्या.” धोटा इकडून तिकडे गेला. “अन् माझं असन तरी किती तुमच्यापाशी? शंभर? लय झाले तं दीडशे. तेवढ्यानं का होते?”

मी तिथून उठून यायला हवं होतं. जे ऐकायला आले होते ते ऐकलं होतं. पण तो शंभराचा आकडा कानात गेला आणि माझ्यातली हिशेब ठेवणारी बाई गप्प राहू शकली नाही. तेवढी माझी सचोटी. चुकीचा आकडा मला कधीच सहन झाला नाही.

“सहाशे चाळीस,” मी म्हणाले.

तिचा हात थांबला. “कोणाचे?”

“तुझे. सहा वर्षांचे.”

“माझे?” तिने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. मी दर वेळी तोच आकडा सांगितला. तिने मागावर कपाळ टेकलं. ती रडत नव्हती. तशीच म्हणाली, “बिजवराले देऊन राहिली मी पोरीले, बाई. चाळीस वर्साचा हाये. पहिलीचे दोन लेकरं हायेत. चांगलं स्थळ आलतं नं, उमरेडचं, मी हात जोडून परत पाठवलं. म्हटलं आपल्यापाशी लग्नाले पैसा नाही. येवढे हायेत म्हणून कोणी सांगतलं असतं तं...”

तिने मला दोष दिला नाही. अंगठा परत मागितला नाही. एकदा दिला तो दिला, असंच तिच्या मनात असावं. मुलगी दारात बसून सुताच्या कांड्या भरत होती. सोळा-सतरा वर्षांची. तिने सगळं ऐकलं होतं आणि ती खाली मान घालून कांडी फिरवत होती. मी कशीबशी उठले. सहा वर्षं दर आठवड्याला त्या बाईचा आकडा मी माझ्या हाताने वाढवत नेला, आणि एकदाही तिला सांगितला नाही. मान राखला म्हणे. कसला मान? माझा मलाच इतका राग कधी आला नव्हता.

घरी आले तेव्हा हे टोपी घालून बाहेर निघण्याच्या तयारीत होते. मी उंबऱ्यातच सुरू झाले. बिजवर, उमरेडचं स्थळ, सहाशे चाळीस, कांड्या भरणारी मुलगी, सगळं एका दमात सांगितलं. रडत सांगितलं, ओरडूनही सांगितलं. हे खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “वैशाखाले किती दिवस हायेत?”

“पाच आठवडे.”

“लुगडे बांध.”

शहरात नऊवारी खपत नसलं तरी नरखेडकडच्या गावांमध्ये म्हाताऱ्या अजून तेच नेसायच्या. आम्ही गठ्ठे एसटीच्या टपावर टाकून बाजाराबाजाराला गेलो. निम्म्या किमतीला विकलं, कधी निम्म्याहूनही कमी. मी जमिनीवर चादर अंथरून ओरडायला शिकले. माझा आवाज या कामाला फार चांगला निघाला.

वकिलांनी आधीच बजावलं होतं. विणकरांना असे पैसे वाटले तर पुढे नादारीचा अर्ज करून फायदा नाही, कोर्ट त्यांच्याकडून ते परत मागू शकतं. आणि अर्ज नाही तर कैद टळत नाही. शिवाय ती लुगडी सूतवाल्याच्या सुताची होती. त्याचंही पोट होतं, त्याचेही पैसे खरे होते. आम्ही त्याचं घेऊन विणकरांना देत होतो, हे मला कळत होतं. कोणावर तरी अन्याय होणारच होता. कोणावर, ते आम्ही ठरवलं.

पहिले पैसे त्या बाईला दिले. मग बाकीच्यांना, प्रत्येकाला आकडा मोठ्याने वाचून. मला वाटलं होतं लोक आशीर्वाद देतील. काहींनी दिले. पण एकजण चिडून म्हणाला, “इतके होते तं आधी काहून नाही सांगतलं? माझा भाऊ दवाखान्याविना गेला नं.” मी पुढचा आकडा वाचला. आबाजींनी पैसे घेतले आणि म्हणाले, “मालक, आता तुमचं कसं?” 

त्याचं उत्तर कोर्टाने दिलं. जज्जसाहेबांनी विचारलं, माल विकला, मग पैसे कुठे गेले? ह्यांनी खरं सांगितलं. ह्यांना दिवाणी कैद झाली. कायदा असा, की कैद्याच्या जेवणाचा भत्ता दावा जिंकणाऱ्यानेच भरायचा. सूतवाला आधी बुडालेल्या पैशासाठी रडत होता, आता ह्यांच्या भाकरीचे पैसे भरू लागला. बेचाळीस दिवस त्याने भरले. मग कंटाळला. दर महिन्याला थोडे थोडे फेडीन असं ह्यांच्याकडून लिहून घेतलं आणि भत्ता बंद केला. ते फेडायला आम्हाला अकरा वर्षं लागली. हे दुसऱ्याच्या मागावर मजुरीने बसले आणि मी बाजार करत राहिले. शाळेत मुलींना जे ऐकावं लागायचं ते लागलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या मुलीचं बिजवराशी ठरलेलं लग्न मोडलं. वर्षभराने ती मुलगी उमरेडच्याच एका चांगल्या घरी पडली.

हे सुटून आले तो दिवस. वस्तीतली माणसं दारात जमली होती. कोणी नारळ आणला, कोणी पाया पडत होतं. देवमाणूस, देवमाणूस, एवढंच ऐकू येत होतं. हे कोणाकडे बघत नव्हते. सगळे गेल्यावर आंघोळ करून बसले आणि मला म्हणाले, “अवं, इकडं ये.” त्यांनी ट्रंकेच्या तळातून तो वकिलाचा कागद काढला. मी तो विसरूनच गेले होते. त्याला आठ अंगठ्यांचा कागद टाचलेला होता, आणि खाली, सहीच्या जागी, ह्यांची सही होती.

“कधी केली?” मी विचारलं.

“तू तिच्या घरी गेली होती त्या सकाळी. वकिलाकडेच निघून राहिलो होतो. तू आली अन् उंबऱ्यातच बोलत सुटली.” मग म्हणाले, “अर्धा घंटा उशीर केला असता तं मी गेलो असतो.”

बेचाळीस दिवस मी त्यांना मनातून फार मोठं मानलं होतं, आणि स्वतःला फार लहान. मी त्यांना वहीचं सांगितलं, ती चुलीशेजारी ठेवून गेले होते ते. आम्ही दोघंही एकाच सकाळी, एकमेकांना न सांगता, पळून जायला निघालो होतो. मला खूप रडू आलं. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, “कोणाले सांगू नको.”

आज हे लिहीपर्यंत मी कोणाला सांगितलं नाही. हे वारले त्या दिवशी ती मुलगी उमरेडहून आली, दोन मुलांना घेऊन. तिने ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, मुलांनाही ठेवायला लावलं, आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, यायच्यापायी मी वाचली. मी तिला घट्ट धरून ठेवलं, तिच्या तोंडाकडे मात्र मला बघवलं नाही.